अप्पांनी केलेला ताळा

९ जानेवारी

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं, पण या वयात नवी सवय कोण लावून घेणार! मालक जेवायला गेलेत, गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की अप्पा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि स्वतःबद्दल काय चाललंय ते कान देऊन ऐकतात.

अप्पांचं काहीतरी बिनसलंय. वय झालं की माणूस विसरतो, असं मी स्वतःला वर्षभर समजावलं. पण परवा त्यांनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि गच्चीत जाऊन बसले. मी आले तेव्हा घरभर धूर, आणि वर मलाच विचारतात, 'दूध कुणी ठेवलं?' आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मागच्या आठवड्यात जेवायला बसताना म्हणाले, तिचंही ताट घे. मी घेतलं. काय करणार?

डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीची तपासणी करू, साधेसाधे प्रश्न असतात. तर आपले मास्तर ताडकन उठले. 'जन्मभर मी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, आता हा कालचा पोरगा मला आजचा वार विचारणार?' डॉक्टर बिचारा गोरामोरा झाला. खरं सांगायचं तर तो वार अप्पांना ठाऊक नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारून घेतला.

माझा प्रश्न एकच आहे. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तेवढा वेळ त्यांना एकटं ठेवावं की नाही? नोकरी सोड म्हणालास तर आज सोडते. चष्म्याच्या फ्रेमी विकून मला काही मोक्ष मिळणार नाहीये. पण सोडली आणि ते ठणठणीत निघाले, तर 'माझ्यासाठी पोरीला घरी बसावं लागलं' म्हणून तेच झुरत बसतील. कळायचं कसं, तू सांग. घरात डोकं असलेला तू एकटाच, असं अप्पा म्हणतात.

तुझी,
ताई


१३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. माझ्या कामात लक्ष नसलं की काय होतं ते ऐक. एका वर्गाचा गृहपाठ मंगळवारी बंद करायचा, तो मी सोमवारीच बंद करून टाकला. दुपारपर्यंत पोरांनी मेल पाठवून पाठवून मला नको जीव केलं. कुणाचं इंटरनेट गेलं होतं, कुणाला ताप होता, आणि एकाची आजी वारली होती, जी गेल्या सत्रातही वारली होती. सगळ्यांना मुदत वाढवून दिली. आजीवाल्यालाही.

मी इथे परदेशात नक्की काय करतो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. युनिव्हर्सिटीत गणिताचा गृहपाठ आता वहीत नसतो. पोरं कॉम्प्युटरवर उत्तर टाकतात. बरोबर असलं की समोर हिरवी खूण येते, चुकलं की लाल फुली. गणित तेच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे, म्हणजे शेजाऱ्याचं बघून लिहायची सोय नाही. ही सगळी सिस्टीम मी सांभाळतो. प्राध्यापक गणितं देतात, मी ती आत भरतो, उत्तरं लावतो, मुदती घालतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो.

तर मला एक सुचलंय. अप्पांना मी विद्यार्थी करून घेतो. त्यांच्यासाठी वेगळा, एकट्याचाच वर्ग उघडतो. पण त्यांना सांगायचं की ते पहिल्या वर्षाच्या खऱ्या वर्गात बसलेत, पोरांच्या बरोबरीनं, आणि गणितं नीट आहेत का हे बघायला मला त्यांची मदत हवी आहे. परीक्षा म्हटलं की ते उठून जातील, मदत म्हटलं की धावत येतील. रोज थोडी गणितं. ते काय टाकतात, कितीदा टाकतात, ते मला इथे दिसतं.

बाकी काहीही जाईल, पण गणित त्यांच्या डोक्यातून सगळ्यात शेवटी जाईल. ते जमतंय तोवर तू निर्धास्त दुकानात जा. मला इथून ढासळताना दिसलं की त्याच दिवशी तुला सांगेन, मग नोकरी सोड. ठरलं?

टिल्लू


४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तुझा विद्यार्थी रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर्गाला बसतो. घरातल्या घरात! मी म्हटलं, अप्पा, तिथून कुणाला दिसत नाही. तर म्हणाले, 'मला दिसतं ना.'

शेजारी कोऱ्या कागदांची चळत, कानावर पेन्सिल. आधी कागदावर सोडवतात, मग ताळा करतात, म्हणजे आलेलं उत्तर परत मूळ गणितात घालून जुळतंय का बघतात, आणि मग एका बोटानं टाइप करतात. मी म्हटलं, बरोबर की चूक ते तर समोर येतंच, मग ताळा कशाला? त्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेत गेले. 'यंत्र सांगेल ते यंत्राचं. आपला ताळा आपण करायचा.'

तुझ्यावर एक तक्रार आहे. पोरानं सगळ्या पायऱ्या बरोबर केल्या आणि शेवटच्या पायरीवर घसरलं, तर त्याला तू सरळ फुली देतोस. 'हा कसला मास्तर?' म्हणाले. मी म्हटलं, तुमचाच चिरंजीव.

निघताना गॅस मी खालून बंद करते. पण खरं सांगू, घर पुन्हा पहिल्यासारखं वाटतंय. संध्याकाळी आले की मला दिवसभराचं गणित समजावून सांगतात. मला ओ की ठो कळत नाही, पण मी मान डोलावते.

तुझी,
ताई


१ मार्च

ताई,

अप्पांचं चाललंय. बहुतेक गणितं येतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. घाई करत असतील.

इथे मध्यसत्राची धामधूम आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. एक विचारायचं होतं. लाल फुली आली की ते काय करतात गं?

टिल्लू


५ मार्च

प्रिय टिल्लू,

विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

पूर्वी फुली आली की 'अस्सं काय' म्हणायचे आणि नव्या दमानं कागद ओढायचे. आता नुसते बघत बसतात. मंगळवारी मला सुट्टी होती. त्या दिवशी एकही हिरवी आली नाही. जेवले नाहीत. शर्ट काढून घडी घातली आणि बनियनवरच खिडकीशी बसून राहिले. मग म्हणाले, 'मी ढ झालो गं.' टिल्लू, त्यांच्या वर्गात कितीतरी मठ्ठ पोरं येऊन गेली, पण कुणालाही त्यांनी ढ म्हटलेलं मला आठवत नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

आता खरं काय ते सांग. ढासळतंय का? मालकांशी बोलून ठेवू का?

ताई


८ मार्च

ताई,

छे गं! चूक माझी आहे. मध्यसत्राच्या गडबडीत दुसऱ्या वर्षाची गणितं अप्पांच्या वर्गात गेली. ती माझ्या पोरांनाही येत नाहीत, अप्पांना कुठून येणार? आता सगळं नीट केलंय. उद्यापासून बघ, हिरव्यावर हिरवी येईल.

मालकांशी काही बोलू नकोस. अप्पांना सांग, वर्गात त्यांचा नंबर वर आहे.

टिल्लू


२१ एप्रिल

प्रिय टिल्लू,

तुझ्या तोंडात साखर पडो! इस्त्रीचा शर्ट परत अंगात आलाय. रोज सगळी हिरवी. घरी येऊन बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ मी गुपचूप घेऊन ठेवली होती, ती रद्द केली. उगाच कशाला त्यांना दुखवायचं? दुकानातली दुसरी मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हा मालकांनी विचारलं, शनिवारीही याल का, मी हो म्हणून टाकलं. कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागते आहे ती तुझ्यामुळे.

तसे अजून विसरतात. माझ्या नावाऐवजी कधी आत्याचं नाव घेतात. पण ज्याला एवढं गणित येतं त्याचं डोकं बिघडलेलं कसं असेल, असं मी माझ्या मनाला सांगते.

एक गंमत. परवा मला विचारत होते, 'टिल्लूच्या वर्गात सगळ्या पोरांना असंच सगळं येतं का?' मी म्हटलं, तुमच्यासारखा कुणी नसेल. त्यावर हसले नाहीत. हल्ली ताळा करताना कपाळाला हात लावून फार वेळ बसतात. म्हातारपण, दुसरं काय!

तुझी,
ताई


१२ मे

प्रिय टिल्लू,

काल फोनवर मी नुसतीच रडत होते, म्हणून सगळं नीट लिहिते.

अप्पांचं ऑपरेशन झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं, तिथे सळई बसवलीय. स्टेशनच्या रस्त्यावर मालाची व्हॅन मागे घेत होते, तिचा धक्का लागला. ड्रायव्हरची फारशी चूक नव्हती, अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहून पाट्या वाचत होते म्हणे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात दोन जोड्यांतली एकेक चप्पल, आणि पिशवीत फक्त गणिताचे कागद. खिशातल्या चष्म्याच्या डबीवर आमच्या दुकानाचा पत्ता होता, म्हणून मला फोन आला.

कुठे निघाला होतात, विचारलं. तर म्हणाले, 'टिल्लूकडे.' स्टेशनवर जाऊन तुझ्या गावाचं तिकीट काढणार होते. मध्ये समुद्र आहे हे डोक्यातच नव्हतं.

कशासाठी, तेही सांगितलं. म्हणे तुझ्या सिस्टीममध्ये चूक शिरलीय. चुकलेल्या उत्तराला ती बरोबर म्हणते. 'मी ताळा करून बघितला. पुन्हा पुन्हा करून बघितला. माझं उत्तर जुळत नाही, आणि यंत्र म्हणतं बरोबर. मग मुद्दाम भलतंच काहीतरी टाकलं, तरी हिरवं. सगळ्या वर्गाला चुकीचं बरोबर म्हणून मिळतंय, पोरांचं वाटोळं होईल. आणि वरच्यांना कळलं तर टिल्लूची नोकरी जाईल.' मी म्हटलं, मग फोन करायचा, फोन टेबलावरच होता. तर मलाच रागावले. 'असल्या गोष्टी फोनवर बोलतात? कुणी ऐकलं म्हणजे?'

भुलीच्या औषधानं माणूस असंच बरळतो म्हणतात. तू मनावर घेऊ नकोस. तुझ्या परीक्षा उरकल्या की ये. आता धोका नाही असं डॉक्टर म्हणाले.

तुझी,
ताई


१४ मे

ताई,

ते बरळणं नाही. अप्पा म्हणतात ते खरं आहे.

आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक गणिताला एक आकडा लावलेला असतो. पोरानं दशांशाचं उत्तर थोडं इकडेतिकडे लिहिलं तर किती फरक चालवून घ्यायचा, तो आकडा. तुझं मार्चमधलं पत्र आलं आणि मी अप्पांच्या वर्गात तो आकडा एवढा मोठा केला की जगातलं कुठलंही उत्तर त्यात बसावं. फक्त त्यांच्या वर्गात. खऱ्या पोरांना त्याचा काही त्रास नव्हता, पण ते अप्पांना कसं कळणार? खऱ्या वर्गात बसलाय असं मीच त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षाची गणितं गेली, ही थाप होती. फेब्रुवारीच्या अखेरीपासून त्यांचं सुटत चाललं होतं. चुकलेलं उत्तर तेच्या तेच पुन्हा टाकायचे, फुली आली की परत तेच. एकदा उत्तराच्या जागी त्यांनी आपल्या घराचा पत्ता टाइप केला. मी इथे ऑफिसात बसून ते बघत होतो, ताई. मला बघवेना. ज्या माणसानं मला पाढे शिकवले त्याला माझ्या हातून फुल्या पडत होत्या. वाटलं, थोडे दिवस तरी सुखात जाऊ देत.

त्या हिरव्या खुणांवर भरवसा ठेवून तू अप्पांना एकटं सोडून जातेस, हे मला माहीत होतं. रोज मनात यायचं, आज ताईला सांगू. आणि रोज तुझी शांत झोप आठवायची, अप्पांचा इस्त्रीचा शर्ट आठवायचा, आणि मी गप्प बसायचो.

त्यांना गणित सोडवता येत नव्हतं, पण ताळा येत होता. ते मला कळायला हवं होतं. आणि ते निघाले ते माझी नोकरी वाचवायला. मी काय करू, सांग.

टिल्लू


१९ मे

टिल्लू,

तुझं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं.

मी तुला एकच विचारलं होतं. त्यांना एकटं ठेवू की नको? तुला वाईट वाटायचं म्हणून तू मला खोटं उत्तर दिलंस. लांबून त्यांना खूश ठेवणं तुला सोपं होतं. त्यांचं अंथरुणातलं सगळं आता मी करते, आणि कूस बदलताना ते ओरडतात ते मी ऐकते. आणि राग कुणाचा करू? ती हिरवी खूण मलाही खरी मानायला हवीच होती. आत्याचं नाव घेऊन हाक मारणाऱ्या माणसाला एकटं ठेवून मी शनिवारीसुद्धा कामावर जात होते.

असो. अप्पांना मी काही सांगितलेलं नाही. डोळे उघडले की पहिला प्रश्न, 'टिल्लूनं दुरुस्त केलं का?' मी हो म्हणते. 'कशावरून?' म्हणतात. मग उठून बसायला बघतात, तुझ्याकडे निघायचं असतं. छातीत कफ भरलाय, डॉक्टर म्हणतात यांना स्वस्थ पडू द्या, आणि यांना तुझ्या काळजीनं पडवत नाही. त्यांची दुसरी कसलीही मागणी नाही.

ते आधी नीट कर. तुझं रडणं मग बघू.

ताई


२० मे

ताई,

केलं. तो आकडा पूर्वी होता तिथे आणला. आता चुकीला फुलीच येईल.

नुसतं सांगून ते ऐकायचे नाहीत. लॅपटॉप समोर धर आणि त्यांचं त्यांना बघू दे. फुली बघून त्यांना काय होईल याची मला भीती वाटते, पण आता मी काही लपवणार नाही. साहेबांना सांगून सुट्टी घेतली, परीक्षांचं दुसरं कुणी बघेल. मिळेल त्या विमानानं निघतो.

टिल्लू


२४ मे

टिल्लू,

अप्पा गेले एवढंच फोनवर सांगता आलं. तू विमान बदलायला थांबशील तेव्हा हे वाच. आल्यावर घरात माणसं असतील, मला बोलता येणार नाही.

परवा दुपारी लॅपटॉप नेला. खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, पाठीला उशी दिली, चष्मा घातला. गणित वाचायलाच त्यांना खूप वेळ लागला. ओठ हलत होते. मी म्हटलं, तुम्ही आकडा सांगा, मी टाकते. त्यांनी सांगितला. लाल फुली आली.

माझं त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. तर म्हणाले, 'दुसरा टाक.' पुन्हा फुली. 'आता उणे टाक.' फुली. 'शून्य टाक.' फुली. एकेक सांगत होते, फुल्या पडत होत्या, आणि मी मान वर करून बघते तर त्यांच्या चेहऱ्यावर हसू. इतक्या दिवसांत मी ते बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, 'आता बरोबर उत्तर टाकायचं. ते हिरवं आलं की ताळा पुरा झाला.' गणिताकडे बघत राहिले. पेन्सिल मागितली, मी हातात दिली, ती धरता आली नाही. तेव्हा म्हणाले, 'हे काही मला येत नाही गं.' अगदी सहज म्हणाले, चहा नको म्हणावं तसं. मी पेन्सिल परत घेतली. तर म्हणाले, 'राहू दे. टिल्लूला येतं.'

लॅपटॉप मिटायला लावला. उशीवर मान टाकली आणि माझा हात धरून ठेवला. उठायचं नाव काढलं नाही. डोळे मिटल्यावर विचारलं, 'मी टाकलेली सगळी चुकली ना?'

मी म्हटलं, 'हो अप्पा. सगळी चुकली.'

'मग झालं,' म्हणाले. 'पोराला कळव. तिकडे काळजी करत असेल.'

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. म्हणून कळवते आहे.

ताई